गावाचे वणवा पथक: प्रशिक्षण, सराव आणि प्रमाणपत्र नेमके कोणत्या क्रमाने

फेब्रुवारी उजाडला की गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार भागातल्या ग्रामसभांकडून एकच विचारणा सुरू होते: "आमच्या पोरांना वणव्याचे ट्रेनिंग द्यायचे आहे, सर्टिफिकेट मिळेल का?" विचारणा योग्य आहे, पण वेळ चुकलेली असते आणि क्रमही. बहुतेक गावांत आधी एक दिवसाचे शिबिर होते, फोटो निघतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. मार्चमध्ये धूर दिसला की पुढे कोणी जायचे, गावात कोणी थांबायचे आणि वारा फिरला तर कोणत्या वाटेने परतायचे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

याची किंमत मोठी असते. ८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा होरपळून मृत्यू झाला. आग आटोक्यात आल्यासारखी वाटत असताना वाऱ्याने ती पुन्हा उसळली आणि माणसे अडकली. असे प्रसंग टाळायचे असतील तर प्रमाणपत्राच्या आधी जे करायचे असते, ते खरोखर आधी केले पाहिजे.

हे मार्गदर्शन सामूहिक वनहक्क मिळालेल्या किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समिती असलेल्या आदिवासी गावांसाठी आहे. त्यात फक्त पालापाचोळा आणि गवत जाळत जमिनीलगत सरकणाऱ्या आगीचा विचार आहे. घर, गोदाम किंवा गॅस सिलिंडरची आग हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नका.

महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतो. म्हणजे पहिले तीन टप्पे डिसेंबरअखेर आणि सातवा टप्पा १५ फेब्रुवारीपूर्वी संपला पाहिजे.

## टप्पा १: आधी ठराव

पथक हे चार उत्साही तरुणांचे मंडळ नव्हे, ते ग्रामसभेचे पथक असले पाहिजे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(झ) ने गावाला सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे, तर कलम ५ ने ग्रामसभेला वन आणि वन्यजीव रक्षणाचा अधिकार दिला आहे. दुसरीकडे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार वनात हक्क वापरणाऱ्या माणसांवर वणव्याची खबर देण्याचे आणि तो विझवण्यास मदत करण्याचे बंधन आहे. हक्क आणि बंधन दोन्ही गावाकडे असल्याने कागदही गावानेच आधी तयार करावा.

ठरावात या गोष्टी हव्यातच:

- पथकातील प्रत्येकाचे पूर्ण नाव, वय, मोबाइल क्रमांक आणि घरच्या एका माणसाचा क्रमांक
- पथकाचे क्षेत्र: कक्ष (वन विभागाने पाडलेला जंगलाचा तुकडा) क्रमांक किंवा पारंपरिक सीमा, शेजारच्या गावाची हद्द कुठे सुरू होते
- पथक कोणाच्या सांगण्यावरून बाहेर पडेल आणि कोणाच्या सांगण्यावरून मागे येईल
- मजुरी मिळणार की काम स्वेच्छेचे; मजुरी असेल तर ती कोण देणार आणि हजेरीपट कोण ठेवणार
- साहित्याचा खर्च कोणत्या निधीतून

शेवटच्या मुद्द्यावर गावे अडतात. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातल्या ५ टक्के अबंध निधीत वनीकरण, वन्यजीव संवर्धन, जलसंधारण आणि वनउपजीविका यांसाठी जागा आहे. तेंदूचा व्यवहार स्वतः करणाऱ्या ग्रामसभांनी त्या उत्पन्नातला ठरावीक वाटा वणव्यासाठी बाजूला काढावा. तेंदूच्या पैशावर वर्ष चालणाऱ्या गावाने तेंदूचे जंगल वाचवायला पैसे नाहीत असे म्हणणे मला पटत नाही.

ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. सामूहिक वनसंपत्तीचा व्यवस्थापन आराखडा तयार होत असेल तर वणव्याचे पान त्यातच घाला.

तपासा: पोच हातात आहे का? वनरक्षकाला तोंडी सांगितले म्हणजे कळवले असे धरू नका. उद्या कोणी भाजले तर हा माणूस पथकात होता, कामावर होता, हे दाखवणारा तोच एक कागद असतो.

## टप्पा २: माणसे निवडा, कामे वाटा

सगळ्या गावाने आगीवर धावून जाणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्यामागची भावना मोलाची आहे, पण अपघात याच गर्दीत होतात. दहा ते बारा जणांचे एक पथक पुरते. मोठ्या क्षेत्राला अशी दोन पथके करा, पण एका पथकात वीस माणसे भरू नका.

कामे आधीच वाटायची ती अशी:

- पथकप्रमुख. हातात हत्यार घेत नाही, आग आणि माणसे पाहतो. हे काम सर्वांत धाडसी माणसाला देऊ नका, जो मागे फिरा म्हणू शकतो त्याला द्या.
- टेहळ्या. उंचावर किंवा मोकळ्या जागी थांबून वारा, धूर आणि मागची बाजू पाहतो.
- संपर्क. ज्या टेकाडावर मोबाइलची रेंज येते तिथला माणूस. गावात दुसरा.
- ब्लोअर (हवेच्या झोताने पाला उडवणारे यंत्र) चालवणारे दोन, आळीपाळीने.
- झोडपणारे आणि खरडणारे पाच-सहा.
- पाणी आणि प्रथमोपचार एक.

वय १८ च्या वर. दमा, हृदयविकार, फिट येणे, गरोदरपण असेल तर आगीच्या रेषेवर नको. संपर्क किंवा पाण्याचे काम द्या. सिकलसेलची तपासणी आपल्या भागात होतेच, तिचे कार्ड पाहा. सिकलसेलच्या रुग्णाला कडक उन्हात, पाणी कमी पडत असताना राबवणे धोक्याचे आहे.

बायकांना वगळून केलेले पथक अर्धे आंधळे असते. मोहफुले वेचायला पहाटे जंगलात त्या असतात, पहिला धूर त्यांना दिसतो आणि कोणत्या झाडाखाली काल कोणी पाला जाळला हेही त्यांनाच माहीत असते. निदान टेहळणी आणि संपर्काच्या कामात त्यांची नावे ठरावात यायलाच हवीत. त्यांची तयारी असेल तर रेषेवरच्या कामातही.

शारीरिक चाचणी घ्या. अमेरिकेत वणव्याच्या रेषेवर जाणाऱ्याला सुमारे २० किलो वजन पाठीवर घेऊन ४.८ किलोमीटर सपाट अंतर ४५ मिनिटांत चालून दाखवावे लागते, धावायचे नाही. आपल्याकडे तेवढे काटेकोर नको, पण दहा लिटरचा कॅन घेऊन गावापासून सीमेपर्यंत आणि परत, असे एकदा सकाळच्या गारव्यात चालायला लावा. कोण दमतो ते कळते, आणि ते आगीसमोर कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

## टप्पा ३: वाटा आणि सुरक्षित जागा ठरवा

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक गाव वगळते. "जंगल आमच्या पायाखालचे आहे" हे खरे असते, पण धुरात पाच पावलांपुढचे दिसत नाही आणि रोजची वाट नाल्यातून जात असेल तर तीच जीवघेणी ठरते. चढावर आग जोरात पळते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो असे धरतात. अरुंद नाले आणि घळी धूर व ज्वाळा वर ओढून घेतात.

एका दिवसात पथकासह चालून कागदावर हे मांडा:

१. जुन्या जाळरेषा, बैलगाडीचे रस्ते, कोरडे नाले, उघडे खडक. आग अडवायच्या जागा याच.
२. पाणवठे, आणि त्यातला कोणता एप्रिलमध्ये आटतो.
३. प्रत्येक भागासाठी सुटकेच्या दोन वाटा. एक बंद झाली तर दुसरी. दोन्ही वाटा उताराच्या दिशेने किंवा आडव्या असाव्यात, चढाच्या नसाव्यात.
४. सुरक्षित जागा: नांगरलेले शेत, तळ्याचा काठ, मोठा उघडा खडक, किंवा पूर्ण जळून थंड झालेली जमीन.
५. जळणाचा साठा जास्त असलेल्या जागा: वाळलेल्या बांबूची बेटे, घाणेरीची गचपणे, फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळलेला साग.

बांबूसाठी वेगळी खूण करा. वाळलेली पेरे आगीत फुटतात, ठिणग्या लांब उडतात आणि पेटते तुकडे उतारावरून घरंगळत खाली नवी आग लावतात.

इशारा: दोन वाटा आणि एक सुरक्षित जागा सांगता येत नसेल अशा भागात पथकाने आगीजवळ जायचे नाही. पुढच्या रस्त्यावर थांबून तिथे रेषा, म्हणजे मातीपर्यंत साफ केलेला पट्टा, काढायची. हे ठरावातच लिहा.

## टप्पा ४: साहित्य

थोडक्यात सांगतो, कारण गावे यावर गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. दोन ब्लोअर, इंधनाचा लोखंडी कॅन, चार-पाच लोखंडी दाताळी, कुऱ्हाडी, कोयते, फावडी, पाठीवरचा फवारणी पंप (कीटकनाशकाचा वापरलेला नको), शिट्ट्या, विजेऱ्या, प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी, ओआरएस.

कपडे मात्र नीट बघा. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट, चामड्याचे बूट, सुती दुपट्टा. नायलॉन, पॉलिएस्टर, टेरिकॉट आगीत वितळून कातडीला चिकटते. स्वस्तातले चमकदार जॅकेट पाठीवर गावाचे नाव छापून वाटण्याची पद्धत आहे. ते कापड कोणते हे विचारल्याशिवाय घेऊ नका. प्लास्टिकची चप्पल घालून आलेल्याला परत पाठवा.

नाकातोंडाला ओला फडका बांधला की धुरापासून बचाव होतो हा गैरसमज आहे. कार्बन मोनॉक्साइड फडक्याने अडत नाही, आणि ओल्या फडक्यातली वाफ भाजू शकते. कोरडा सुती दुपट्टा राख अडवतो, एवढाच त्याचा उपयोग.

## टप्पा ५: प्रशिक्षण मागताना काय मागायचे

नुसते "प्रशिक्षण द्यावे" असा अर्ज केला की सभागृहातले भाषण मिळते. अर्जात विषय आणि तास लिहून मागा. दोन दिवस पुरतात, त्यातला दीड दिवस जंगलात.

पहिली सकाळ बसून: आग कशी सरकते, वारा-उतार-जळण यांचा मेळ, आगीचे भाग (पुढे सरकणारे तोंड, दोन बाजूंच्या बगला, मागचे शेपूट), कायदा, कोणाला कसे कळवायचे. पहिली दुपार: हत्यारे हाताळणे, ब्लोअर सुरू करणे, थंड झाल्यावरच इंधन भरणे, रेषा काढणे. दुसरा दिवस: वन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, त्यांनी ठरवलेल्या जागी आणि त्यांनीच लावलेल्या छोट्या आगीवर सराव, प्रथमोपचार, मागे हटण्याचा सराव.

शिकवणारे तीन ठिकाणांहून आणा: वणव्याचा भाग वन विभागाकडून, भाजणे व उष्माघात प्राथमिक आरोग्य केंद्रातून, आणि जंगलाचा भाग गावातल्याच जाणत्या माणसाकडून. वारा दुपारी कोणत्या खिंडीतून फिरतो हे त्याला माहीत असते.

भाषेचा प्रश्न लाजून टाळू नका. माडिया, गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्या तरुणांना कार्यालयीन मराठी कळते असे गृहीत धरले जाते. थांबा, मागे फिरा, वारा फिरला, माणूस भाजला, एवढ्या हाका तरी गावाच्या बोलीत ठरवा आणि सर्वांकडून मोठ्याने म्हणून घ्या. शिट्टीच्या खुणाही ठरवा: एक लांब म्हणजे लक्ष द्या, तीन आखूड म्हणजे हातातले टाका आणि निघा.

### झोडपण्याची पद्धत

ही एक गोष्ट नीट शिकली तर निम्म्या चुका जातात. हिरवी डहाळी डोक्यावर नेऊन जोरात आपटली की ठिणग्या पलीकडच्या कोरड्या पाल्यात जातात आणि आपल्या पाठीमागे नवी आग उभी राहते. डहाळी गुडघ्याच्या वर उचलायची नाही. ती ज्वाळेच्या बुडाशी दाबायची, क्षणभर तशीच धरायची आणि जळालेल्या काळ्या बाजूकडे ओढायची. दाब, थांब, ओढ. पाने करपली की डहाळी बदलायची. सुकलेली डहाळी स्वतःच पेट घेते.

ब्लोअरचेही तेच. झोत ज्वाळेच्या बुडाशी, काळ्या बाजूकडे. नळी जरा वर झाली की तोच ब्लोअर ठिणग्या पेरत जातो. चालवणाऱ्याला यंत्राच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या पाठीला हात लावून थांबवणारा जोडीदार कायम हवा.

रेषा काढताना पाला नुसता सरकवून भागत नाही, खालची माती दिसली पाहिजे. रुंदी जळणाऱ्या थराच्या उंचीच्या निदान दीडपट; गवत कमरेएवढे असेल तर त्या हिशेबाने. सागाच्या जंगलात आज झाडलेली रेषा दोन-चार दिवसांत पुन्हा पानांनी भरते, म्हणून ती "काढली होती" या भरवशावर राहू नका.

## टप्पा ६: परीक्षा घ्या

हजेरी लावली म्हणून प्रमाणपत्र, ही पद्धत बंद करा. प्रत्येकाकडून एकट्याने करून घ्या:

- नकाशावर तीन जागा दाखवून, "इथून सुटकेची वाट कोणती?"
- पाच मिनिटांत दहा पावले लांबीची, मातीपर्यंत गेलेली रेषा
- झोडपण्याची पद्धत, आपटल्याशिवाय
- वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन लावल्यासारखे करून खबर सांगणे: गाव, कक्ष किंवा ओळखीची खूण, आग चढावर की उतारावर, वारा कुणीकडे, तिथे किती माणसे, जायचा रस्ता
- भाजलेल्या हातावर काय करायचे: अंगठी-बांगडी काढणे, २० मिनिटे साधे वाहते पाणी, स्वच्छ फडके, टूथपेस्ट, तेल, हळद, बर्फ काहीही नाही
- तीन शिट्ट्या झाल्यावर सगळे पथक सुरक्षित जागी पोहोचून मोजणी पूर्ण

शेवटची कसोटी न सांगता घ्या, जेवणानंतर सगळे सैल बसलेले असताना. जो डबा आवरायला थांबला त्याला पुन्हा सरावाला बसवा.

## टप्पा ७: प्रमाणपत्र आणि नोंद

तीन वेगवेगळे कागद लोक एकच समजतात.

वन विभागाचे प्रशिक्षण प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही हे विषय शिकलात, एवढाच पुरावा. त्यावर नोकरी मिळत नाही आणि संरक्षित क्षेत्रात हवे तेव्हा शिरण्याचा परवानाही मिळत नाही.

प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या संस्थांचे असते. त्यावर मुदत असते, ती वहीत लिहून ठेवा. पथकातल्या निदान दोघांकडे ते असावे.

आपदा मित्र ही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. तिचे प्रशिक्षण १२ दिवसांचे असते आणि स्वयंसेवकाला ओळखपत्र व बचाव साहित्याचा संच मिळतो. निवड जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षामार्फत होते. तिथे पथकातल्या दोन-तीन जणांची नावे लेखी देऊन ठेवा. या प्रशिक्षणाचा रोख सर्व आपत्तींवर असल्याने वणव्याचा सराव वेगळा करावाच लागतो.

प्रमाणपत्र हातात घेताना पाहा: नाव आधार आणि बँकेच्या पासबुकाप्रमाणेच आहे का (मडावी-मडवी, आत्राम-अत्राम असा फरक पुढे पैसे अडवतो), विषय आणि तास लिहिले आहेत का, प्रात्यक्षिकाचा उल्लेख आहे का, अधिकाऱ्याची सही पदनामासह आहे का, जावक क्रमांक आणि तारीख आहे का. नुसता शिक्का आणि पाहुण्यांची नावे असलेला रंगीत कागद परत करा आणि नीट मागा. यात संकोच नको.

विम्याचेही याच वेळी बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण आहे, वय १८ ते ७०. तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि वणव्याचा हंगाम १५ जूनपर्यंत. मे महिन्यात खात्यात २० रुपये नसले तर ऐन जूनच्या पंधरवड्यात माणूस उघडा पडतो. पथकातल्या सर्वांची पासबुके मेच्या पहिल्या आठवड्यात तपासा.

## टप्पा ८: हंगामातली रोजची घडी

आग लागण्याआधीचे काम इथे आहे. मोहाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूला करणे किंवा खाली जाळी अंथरणे, आणि तेंदूच्या नव्या पालवीसाठी आग न लावता झुडपांची छाटणी करणे, हे हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत ठरवून घ्या. ज्याला पाला जाळायचाच आहे त्याच्यावर नुसते ओरडून काही होत नाही. त्याच्या झाडांखाली झाडायला पथकाने एक सकाळ दिली तर तो पुढच्या वर्षी स्वतः झाडतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या वन अग्नी पोर्टलवर मोबाइल क्रमांक नोंदवून जिल्हा आणि क्षेत्र निवडले की उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश येतो. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. यातले मुख्य उपग्रह साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराला वरून जातात, म्हणजे चारला लागलेली आग मध्यरात्रीनंतर दिसू शकते. संदेशातला बिंदू ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो, आग तिथेच असेल असे नाही. आणि दाट छताखालची लहान आग सुटते. टेहळ्याची जागा संदेश घेऊ शकत नाही.

धूर दिसला की क्रम असा: पथकप्रमुख, वनरक्षक, मग वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन. माणसे अडकली किंवा भाजली असतील तर १०८ आणि ११२ आधी. फोन झाल्याची वेळ वहीत लिहा.

## टप्पा ९: प्रत्यक्ष आगीवर

१. थांबा आणि पाहा. पोहोचताच हात घालू नका. वारा, उतार, ज्वाळांची उंची, आत कोणी मोह वेचायला गेले आहे का. पहाटेच्या वेळी अस्वलेही मोहाखाली असतात.

२. ज्वाळा कमरेच्या वर, म्हणजे साधारण १.२ मीटरहून उंच असतील तर हाताच्या हत्यारांनी थेट भिडू नका. मागच्या रस्त्यावर किंवा नाल्यावर रेषा काढा.

३. टेहळ्या जागेवर गेला, संपर्क लागला, वाटा आणि सुरक्षित जागा सर्वांना मोठ्याने सांगितली. मगच काम सुरू.

४. शेपटापासून किंवा रस्त्यासारख्या पक्क्या जागेपासून सुरुवात करून बगलेने पुढे सरका. तोंडासमोर उभे राहू नका, आगीच्या वरच्या चढावर तर कधीच नाही.

५. दोघांत तीन मीटर अंतर. ब्लोअर पुढे, झोडपणारे मागे, खरडणारे शेवटी. एक पाय काळ्या जमिनीजवळ राहील असे चला.

६. दर अर्ध्या तासाला पाणी आणि मोजणी. विदर्भात एप्रिलमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो, तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी लागते. डोके दुखणे, मळमळ, बडबड, घाम थांबणे. यांतले काही दिसले तर त्याला सावलीत न्या, भिजवा, वारा घाला, आणि सोबत माणूस ठेवून बाहेर काढा.

इशारा: समोरून दुसरी आग लावून वणवा थांबवण्याचा प्रयोग पथकाने स्वतःहून करू नये. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि चुकलेल्या काउंटर फायरमध्ये आपलीच माणसे सापडतात. तो निर्णय जागेवरच्या वन अधिकाऱ्याचा.

मागे फिरायच्या खुणा: वारा अचानक पडला किंवा फिरला, टेहळ्या दिसेनासा झाला, मागे ठिणगीने नवी आग लागली, खालून आगीचा आवाज वाढला, अंधार पडत आला. यांतली एकही पुरे. त्यासाठी कोणाची परवानगी घ्यायची नाही, आणि मागे फिरणाऱ्याला नंतर गावात कोणी बोल लावायचा नाही.

## टप्पा १०: ज्वाळा विझल्यावर

ज्वाळा दिसेनाशा झाल्या की माणसे घराकडे निघतात. सर्वांत धोक्याची वेळ हीच. काठापासून आत तीस पावलांचा पट्टा तपासल्याशिवाय पथक हलवू नका.

धग कुठे दडते ते ठरलेले असते: पोकळ बुंध्यात, जुन्या खुंटाच्या मुळांत, पडलेल्या ओंडक्याच्या खालच्या बाजूला, वाळलेल्या शेणात. शेण वरून राखेसारखे दिसते आणि आत कित्येक तास धुमसते. हाताची मागची बाजू जमिनीच्या चार बोटे वर धरून हळूहळू फिरवा. ऊब लागली तर फावड्याने उकरा, पाणी किंवा माती मिसळा, पुन्हा हात धरा. नुसती माती वर टाकून जाऊ नका. आतली धग तशीच राहते आणि वाऱ्याने उघडी पडते. काठावरचे जळके ओंडके आतल्या बाजूला, आडवे आणि घरंगळणार नाहीत असे ठेवा.

शेवटचा धूर थांबल्यावर अर्धा तास बसून पाहा. दोघांना मागे ठेवा, त्यांच्याकडे पाणी, शिट्टी आणि फोन. दुसऱ्या दिवशी पहाटे गार, शांत हवेत एकदा पाहणी करा, तेव्हा धुराची बारीक रेघ लांबूनही दिसते. आणि त्याच दिवशी दुपारी एक ते तीनमध्ये पुन्हा, कारण वारा आणि ऊन मिळून राहिलेली धग तेव्हाच उठवतात.

तपासा: निघताना मोजणी झाली का? वहीत लागल्याची वेळ, कळवल्याची वेळ, हजर माणसे, जळालेले अंदाजे क्षेत्र, दुखापत, राहिलेले साहित्य हे सगळे त्याच संध्याकाळी लिहिले का? या पानाची प्रत वनरक्षकाला द्या, पोच घ्या.

## टप्पा ११: पावसाळा लागल्यावर

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पथकाची बैठक घ्या. वही उघडून प्रत्येक आगीचे पान वाचा आणि आग कुठून सुरू झाली ते नकाशावर टिंब करा. दोन-तीन वर्षांत टिंबे ठरावीक वाटांवर आणि ठरावीक मोहांखाली गोळा झालेली दिसतील, पुढच्या वर्षीची झाडलोट तिथून सुरू करायची. ब्लोअरमधले इंधन काढून टाका, नाहीतर डिसेंबरमध्ये तो सुरू होत नाही.

कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांची नावे यादीतून कमी करा, नवी घ्या, आणि बदललेली यादी नव्या ठरावासह डिसेंबरपूर्वी पुन्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या. जुन्या सदस्यांचा सराव दर हंगामापूर्वी निदान एक दिवस, तीन शिट्ट्यांच्या कसोटीसह. ज्याने तो केला नाही, त्याचे नाव प्रमाणपत्र असले तरी त्या वर्षी रेषेवरच्या यादीत घालू नका.